यूकेच्या केअर व्हिसासाठी एजंट 9 लाख मागतोय, बाबा वावर विकायला निघाले आहेत. माहीतगारांनी सांगावं

घाटंजीचा कास्तकार · 2 नोव्हेंबर 2025, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. मला एक धाकटी बहीण आहे, 24 वर्षांची. बारावी आर्ट्स झाली, मग यवतमाळात सहा महिन्यांचा जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णांच्या मदतनिसाचा) कोर्स केला. दीड वर्षापासून नागपुरात ब्यूरोमार्फत पेशंटजवळ ड्युटी करते. बारा तासांचे 600, त्यातले 100 ब्यूरोचे. सध्या लकवा मारलेल्या एका आजींजवळ आहे.

नात्यातल्या एकाच्या ओळखीनं यवतमाळचा एक एजंट घरी आला होता. यूकेत केअर असिस्टंटची नोकरी, महिना दोन लाख, तीन वर्षांचा व्हिसा, लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नेता येते, असं त्याचं म्हणणं. एकूण 9 लाख. टोकन म्हणून बाबांनी 50 हजार देऊनही टाकले. ऑफर लेटर आलं की चार लाख, बाकीचे व्हिसा लागल्यावर.

आमचं पाच एकर आहे. सोयाबीन यंदा पावसानं गेलं, कापसाची पहिली वेचणी आता सुरू आहे. बाबा म्हणतात दोन एकर काढून टाकू, पोरगी एका वर्षात फेडते. गिऱ्हाईकही पाहून ठेवलं आहे. बहीण जाऊ नये असं माझं अजिबात नाही, तिच्यात धमक आहे. पण हा व्हिसा खरंच मिळतो का? आणि हा नाही तर दुसरा कोणता? आठ दिवसांत इसार घ्यायचा आहे, म्हणून घाईनं विचारतो.

लीड्सची ताई · 2 नोव्हेंबर, रात्री 11:15

भाऊ, इसार घेऊ नका. उद्या सकाळी उठल्याबरोबर बाबांना हे वाचून दाखवा.

जो व्हिसा तो माणूस विकतोय तो बंद झाला आहे. केअर वर्करांसाठी ब्रिटननं दार उघडलं ते फेब्रुवारी 2022 मध्ये. 11 मार्च 2024 पासून नवीन केअर वर्करांना नवरा-मुलं आणायला बंदी आली. आणि 22 जुलै 2025 पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर या दोन्ही कामांसाठी बाहेर देशातून नवी भरतीच थांबवली. जे आधीपासून ब्रिटनमध्ये दुसऱ्या व्हिसावर आहेत, त्यातल्या काहींना अटींवर या कामात यायची सवलत जुलै 2028 पर्यंत ठेवली आहे. ती इथं असलेल्यांसाठी. घाटंजीत बसलेल्या मुलीला नऊ लाखांत काय, नव्वद लाखांतही तो मिळणार नाही. तो एजंट 2022 चा माल 2025 मध्ये विकतो आहे.

माझं सांगते, कारण मीही असाच पैसा भरून आले. मी अंजनगाव सुर्जीची, ऑगस्ट 2023 मध्ये आले. साडेआठ लाख गेले, त्यातले पाच व्याजानं काढलेले. काम घरोघरी फिरून करायचं होतं. सकाळी सातला एका आजोबांकडे अर्धा तास, तिथून दोन मैलांवर एका आजींना पंधरा मिनिटांत उठवून, धुवून, औषध देऊन पुढं पळायचं. पगार घरात घालवलेल्या मिनिटांचा, रस्त्याचा नाही. गाडी चालवता आलीच पाहिजे, आणि मला स्कूटीशिवाय काही येत नव्हतं. कागदावर आठवड्याचे 39 तास होते, हातात यायचे 14-15. खोलीभाडं गेलं की उरायचं काय? सावकाराचं व्याज आई कापूस विकून भरायची.

मे 2024 मध्ये त्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे बाहेरून कामगार आणायचा परवाना, गेलं. 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाही तर देश सोडा, असं पत्र आलं. बावन्नाव्या दिवशी मला एका नर्सिंग होमनं घेतलं. इथल्या सरकारचाच आकडा आहे: जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात केअर क्षेत्रातली 470 पेक्षा जास्त लायसन्स रद्द झाली, आणि त्यांच्याशी 39 हजारांवर कामगार जोडलेले होते. त्यातली एक मी.

अजून एक. वर्क व्हिसासाठी लागणारा सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा कागद मालक काढतो आणि त्याची फी मालकच भरतो. ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. त्या कागदासाठी तुमच्याकडे कोणी पैसे मागितले, तर समजा तिथंच खोट आहे.

घाटंजीचा कास्तकार · 3 नोव्हेंबर, दुपारी 1:20

ताई, बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून वावरात गेले. मी एजंटला फोन लावला. तो म्हणतो, हो, थेट बंद आहे, पण आम्ही व्हिजिटर व्हिसावर पाठवतो आणि तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो. हे होतं का?

लीड्सची ताई · 3 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:05

नाही होत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला ब्रिटनमध्ये राहून वर्क व्हिसा घेता येत नाही, तसा नियमच आहे. काही जण स्टुडंट व्हिसाचा रस्ता दाखवतात. तिथंही कोर्स पूर्ण होण्याआधी वर्क व्हिसात जायला जुलै 2023 पासून मनाई आहे. व्हिजिटर व्हिसावर येऊन काम केलं तर ते बेकायदेशीर. पोरगी पकडली गेली तर पुढं कुठलाच व्हिसा नीट मिळणार नाही, आणि पकडली नाही तर मालक तिला वाटेल तसं राबवणार, कारण तक्रार करायला तिला जागाच नाही. मी अशा दोघींना भेटले आहे. एक नगरची, एक पंजाबची.

पुसदचा पठ्ठ्या · 3 नोव्हेंबर, रात्री 8:30

सगळे नुसतं घाबरवत आहेत. माझा आतेभाऊ 2022 मध्ये असाच एजंटकडून गेला, आज बायको-पोरासह मँचेस्टरला आहे, गावात घर बांधलं. जोखीम घेतल्याशिवाय आपल्याकडच्या पोरांचं काही होत नाही. वावर ठेवून तरी काय पिकवणार?

सेवाग्रामची सिस्टर · 3 नोव्हेंबर, रात्री 10:10

पुसदच्या भाऊ, तुमच्या आतेभावाचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण तो 2022 मध्ये गेला, तेव्हा दार उघडं होतं आणि कुटुंबही नेता येत होतं. तारीख बदलली की सल्ला बदलतो. जोखीम तिथं घ्यावी जिथं समोर काहीतरी आहे.

मी 19 वर्षं वॉर्डात काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज बाहेर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शिक्षणाचं. जीडीए, एएनएम आणि जीएनएम यांना आपल्याकडे सगळे सरसकट 'सिस्टर' म्हणतात. परदेशात असं चालत नाही. जीएनएम तीन वर्षांची, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. त्यांच्यासाठी ब्रिटनसुद्धा अजून उघडं आहे: इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, तिथं गेल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. जीडीए म्हणजे मदतनीस. तुमच्या बहिणीला नर्सचा रस्ता आज लागू नाही, आणि कोणी 'करून देतो' म्हणत असेल तर तो खोटी कागदपत्रं बनवणार आहे.

आता जर्मनी. तिथं दोन वाटा आहेत. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांना शिक्षणाची मान्यता घ्यावी लागते. कागदं तपासून काय कमी आहे ते लिहून देतात, मग तिथं जाऊन पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. जर्मन भाषा बी2 या वरच्या पातळीपर्यंत लागतेच. दुसरी वाट तुमच्या बहिणीच्या कामाची: आउसबिल्डुंग, म्हणजे तिथल्याच दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात तीन वर्षं शिकत शिकत काम. बारावी, चांगली जर्मन आणि शिकवायला तयार असलेली संस्था एवढं लागतं. शिकतानाच पगार मिळतो, करारबद्ध दवाखान्यांत पहिल्या वर्षी कापाकापीच्या आधी महिना 1,400 युरोच्या आसपास. फी नाही. तीन वर्षांनी ती मदतनीस राहत नाही, पूर्ण नर्स होते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

अडचण भाषेची. नोकरी करत शून्यापासून तिथवर जायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि अर्ध्यावर सोडणाऱ्या मुली खूप. मी बी1 ला रडलेल्या मुली पाहिल्या आहेत. ज्या रोज पहाटे तासभर बसल्या त्या पोचल्या.

महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला होता, सुरुवातीला 10 हजार तरुणांना पाठवायचं ठरलं होतं, त्यात नर्सिंगही होतं. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) चौकशी जरूर करा. पण त्याच्या भरवशावर भाषा शिकायची थांबू नका. भाषा आली की ती कुठल्याही मालकाकडे चालते.

आणि तिकडचे चांगले मालक नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. जर्मन सरकारचं 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे' नावाचं प्रमाणचिन्हच आहे. ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी भरतीचा खर्च मालकानं करायचा, ही अट आहे.

कारंजाचे काकाजी · 4 नोव्हेंबर, सकाळी 7:40

मले लिवाले येत नाई एवढं, नातू टाइप करून देऊन रायला. माह्या पुतणीचं सांगतो. 2019 साली तिले सांगतलं का मस्कतले दवाखान्यात आयाचं काम हाये. तिची दहावी नाई, पासपोर्टावर ईसीआर. एजंटानं तिले टूरिस्ट व्हिसावर दुबईले उतरवली अन् तिथून पुढं नेली. काम निघालं घरकामाचं. अकरा माणसाचं घर, रात्री एक वाजेलोक भांडे. फोन घेऊन घेतला, पासपोर्ट घेऊन घेतला. सात महिने झाले तवा एका केरळच्या बाईनं तिले वकिलातीचा पत्ता सांगतला, तवा वापस आली. आता बोलत नाई जास्त.

पैसे त आमचे गेलेच. पण पैशाचं दुःख नाई मले. बापू, पोरीले पाठवा, जरूर पाठवा, पण कागद तिच्या हाती द्या. तिले सोताले वाचू द्या.

सेवाग्रामची सिस्टर · 4 नोव्हेंबर, सकाळी 9:15

काकाजी, पुतणीला माझा नमस्कार सांगा. ती परत आली हेच मोठं.

त्यांच्या अनुभवाला धरून लिहिते, कारण आखाताच्या जाहिराती यवतमाळ-वाशिमात फार फिरतात. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर लागतं. सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान धरून 18 देशांत अशा पासपोर्टवर कामाला जायचं तर सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते, आणि घरकामाला जाणारी बाई 30 वर्षांच्या आतली असली तर ती मिळतच नाही. म्हणूनच टूरिस्ट व्हिसाची चोरवाट काढतात. मंजुरी बुडाली की विमा बुडतो आणि मागं राहून चौकशी करणारं कोणी राहत नाही. प्रवासी भारतीय विमा 10 लाखांचा आहे, दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये.

कुठल्याही एजंटला पहिला प्रश्न: परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना क्रमांक सांगा. तो ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. परवानाधारकाला उमेदवाराकडून घेता येणारी फी 30 हजार रुपये अधिक जीएसटी, त्यावर एक रुपया नाही. 9 लाख हा आकडाच बेकायदेशीर आहे, मग देश कोणताही असो. यूकेवाले बहुतेक 'आम्ही फक्त कन्सल्टंट' म्हणून परवान्यातून सुटू पाहतात. नोकरी लावून देतो म्हणाले की ती भरतीच. शंका असेल तर सरकारची 1800-11-3090 ही हेल्पलाइन आहे, हिंदीत बोलतात.

वरोऱ्याचा, सध्या सैतामा · 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:50

जपानबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी आनंदवनाच्या गावचा, लहानपणापासून जखमा धुणारे हात पाहत आलो, त्यामुळे या कामाची मला कधी किळस आली नाही. सव्वा वर्षापासून टोकियोजवळ एका वृद्धाश्रमात आहे.

व्हिसाचं नाव स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर. भारताशी याचा करार जानेवारी 2021 चा. केअरसाठी तीन परीक्षा: जपानीची (एन4 किंवा जेएफटी-बेसिक), केअरच्या कौशल्याची आणि केअरमधल्या जपानीची. वय 18 च्या वर. नर्सिंगची डिग्री लागत नाही, पण तुमच्या बहिणीनं जे दीड वर्ष केलं आहे ते तिथं सोन्यासारखं आहे. माझ्या बॅचमध्ये पेशंट कधी उचललाच नाही अशी मुलं होती, पहिल्याच महिन्यात कंबर धरली त्यांची.

हा व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि त्यात कुटुंब नेता येत नाही. पण तीन वर्षं काम करून, ठरलेलं प्रशिक्षण घेऊन, जानेवारीत होणारी राष्ट्रीय केअर वर्कर परीक्षा पास झालात तर 'काइगो' म्हणजे केअर वर्करचा व्हिसा मिळतो. तो वाढवता येतो आणि कुटुंबही येतं. परीक्षा जपानीतून आहे, सोपी नाही. मी अभ्यास करतो आहे.

पगार जपानी माणसाला त्याच कामाचा जेवढा तेवढा द्यावाच लागतो. माझ्या हातात खोलीभाडं जाऊन दीड लाख येनच्या आत-बाहेर पडतात. दोन लाख रुपये वगैरे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझा खर्च दहा महिन्यांचा क्लास, नागपूरचं होस्टेल, परीक्षा, तिकीट मिळून पावणेदोन लाख झाला. तो एकदम नाही लागला, महिन्या-महिन्यानं लागला, म्हणून वावर विकायची पाळी आली नाही.

कामाचं सांगायचं तर आंघोळ हा इथला मोठा सोहळा आहे. आठवड्यातून दोनदा, गरम पाण्याच्या टबात, खुर्चीसकट उतरवायचं. जेवण घट्ट करायची पावडर कोणाला किती घालायची ते पाठ असावं लागतं, नाही तर ठसका लागून जीव जातो. रोजची नोंद जपानीत लिहायची. स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी मला रोज नव्यानं विचारतात, तू कुठला? मी रोज सांगतो, वरोरा. आता त्यांना वरोरा म्हणता येतं.

धारणीची मावशी · 4 नोव्हेंबर, रात्री 9:00

इस्रायलची जाहिरात आमच्या गटावर आली होती, ती खरी आहे का? आणि कॅनडा?

सेवाग्रामची सिस्टर · 5 नोव्हेंबर, सकाळी 8:20

इस्रायलची भरती खरी आहे, मावशी. ती दोन्ही सरकारांच्या करारातून, एनएसडीसीमार्फत (राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत) होते. आपल्याकडे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात चौकशी करा, खासगी माणसाला पैसे देऊ नका. वय 25 ते 45, दहावी, आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण धरून किमान 990 तासांच्या मान्यताप्राप्त केअरगिव्हर कोर्सचं प्रमाणपत्र. काम एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी राहून, चोवीस तास त्याच छपराखाली. पगार चांगला आहे आणि तिथं कोकणातून गेलेले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू भेटतात. पण 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यात म्हाताऱ्यांजवळ थांबलेल्या परदेशी केअरगिव्हर बायाही मेल्या, हे मुलीला आणि तिच्या आईला माहीत असलं पाहिजे. मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. दुसऱ्या कोणी पाठवली तर तिला चूकही म्हणणार नाही.

कॅनडानं घरगुती केअर वर्करांची योजना 31 मार्च 2025 ला उघडली, तीही आधीपासून कॅनडात असलेल्यांसाठी, आणि जागा लगेच भरल्या. इथून जाणाऱ्यानं त्यावर वेळ घालवू नये.

घाटंजीचा कास्तकार · 9 नोव्हेंबर, रात्री 8:45

एजंटच्या ऑफिसात मी आणि बाबा दोघं गेलो. परवाना क्रमांक मागितला. आधी हसला, मग चहा सांगितला, मग म्हणाला उद्या व्हॉट्सॲप करतो. चार दिवस झाले. टोकनचे 50 हजार मागितले तर 'प्रोसेसिंगमध्ये गेले' म्हणतो. पावती कच्ची आहे, पण फोनपेची नोंद आहे. ती घेऊन उद्या पोलिस स्टेशनला जातो, ई-मायग्रेटवरही तक्रार टाकतो. वावराच्या गिऱ्हाइकाला बाबांनी स्वतःच नाही म्हणून सांगितलं.

काकाजींचं वाक्य बाबांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तिलाच विचार की. इतक्या दिवसांत तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. शनिवारी ती घरी आली तेव्हा फोन तिच्या हातात दिला. खालचं तिनं लिहिलं आहे.

सगळ्यांना नमस्कार. मीच ती धाकटी. सगळा धागा दोनदा वाचला.

मी ज्या आजींजवळ आहे त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. पाठीला जखम होऊ नये म्हणून. मी आल्यापासून त्यांना एकही झालेली नाही. हे काम मला येतं आणि मला ते आवडतं. लंडनच पाहिजे असं माझं कधीच नव्हतं, मला जिथं हे काम नोकरी म्हणून मोजतात तिथं जायचं होतं.

जर्मनीचं नर्स होणं मला जास्त ओढतं. पण दीड वर्ष पगार न वाढता शिकायला घरी पैसा नाही, म्हणून आधी जपान असं ठरवते आहे. वरोऱ्याच्या दादा, तुमच्या क्लासमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुली होत्या का? ड्युटी रात्रीची घेतली तर दिवसा शिकता येईल. आणि सिस्टर, माझा पासपोर्ट नाही. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नाव नाही, नुसतं 'मुलगी' लिहिलं आहे. टीसीवर आडनाव आधी आणि बारावीच्या गुणपत्रिकेत बाबांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. आधी काय करू?

सेवाग्रामची सिस्टर · 9 नोव्हेंबर, रात्री 10:30

बाळा, घाबरू नको, अर्ध्या विदर्भाचं हेच आहे. जन्माच्या दाखल्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढं जन्मलेल्यांना आहे. तुला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेची टीसी चालते. पण जन्मनोंदीत नावही टाकता आलं तर टाकून घे, पुढं कधी ना कधी कामी येतं. ग्रामसेवकाकडे अर्ज, सोबत टीसी आणि आई-बाबांचं आधार. आधी गुणपत्रिकेचं स्पेलिंग कॉलेजमार्फत बोर्डाकडून दुरुस्त करून घे, मग आधार त्याच स्पेलिंगवर आण, आणि शेवटी पासपोर्टचा अर्ज. क्रम उलटा केलास तर प्रत्येक कागद दोनदा करावा लागेल. जीडीएचं मूळ प्रमाणपत्र कुठं आहे ते आजच पाहून ठेव, संस्थेकडे राहिलं असेल तर आण.

वरोऱ्याचा, सध्या सैतामा · 10 नोव्हेंबर, पहाटे 4:10

ताई, आमच्या बॅचमध्ये दोघी होत्या, गोंदियाची एक आणि उमरेडची एक. दोघी रात्री पेशंटजवळ आणि सकाळी दहाला क्लासला. पहिला महिना फक्त हिरागाना आणि काताकाना ही अक्षरं. ती रात्री पेशंट झोपल्यावर वहीत गिरवता येतात, क्लास लावायच्या आधीच सुरू कर. एन4 वर्षातून दोनदाच होते, जुलैत आणि डिसेंबरात. जेएफटी कॉम्प्युटरवर असते, तारखा जास्त मिळतात, ती धर. माझ्या जुन्या वह्या वरोऱ्याला घरी पडल्या आहेत. भाऊ नागपूरला येतो दर आठवड्याला, आणून द्यायला सांगतो.